शेवटी उंबरठा

मानपाड्याला आत्याच्या घरात सगळ्यात मोठा आवाज फ्रिजचा होता. तो मध्येच घरघरायला लागायचा, मग एक हिसका देऊन गप्प व्हायचा, आणि तो गप्प झाला की घर किती शांत आहे ते कळायचं. कोलशेतला आमच्याकडे शांतता अशी नसायचीच. भिंतीला भिंत लागून घरं, एकीकडची फोडणी दुसरीकडच्या घशात जायची. आई मासळीची रिकामी टोपली घेऊन बाजारातून परतली की गल्लीच्या तोंडापासूनच बोलायला सुरुवात करायची. ओहोटी लागली की मागच्या चिखलात निवट्या, ते बारके मासे, उड्या मारायच्या, त्यांचा टपटप आवाजसुद्धा मला पडल्या पडल्या ऐकू यायचा. आत्याच्या इमारतीत दारं लागलेली असायची. सकाळी नि संध्याकाळी कंपन्यांचा भोंगा व्हायचा, वारा फिरला तर औषधासारखा उग्र वास खिडकीतून आत यायचा. तो वास आला की मी खिडकी लावायची. दिवसभरातलं माझं तेवढंच एक काम होतं जे कुणी सांगितल्याशिवाय मी करायची.

आत्या म्हणजे माझ्या बापाची बहीण. न्हाणीत पाय घसरून तिचं कमरेचं हाड मोडलं होतं, आत पट्टी बसवली होती. तिचे यजमान केव्हाच वारलेले, घरात ती आणि तिची मुलगी विद्याताई. आईने मला आणून सोडलं तेव्हा ती दारातच म्हणाली, "थोडे दिवस रहा, बाय. वन्सं उठत्या-बसत्या झाल्या की नेते तुला." मी मान हलवली. माझी शाळा चौथीत सुटली होती, कारण गावातली शाळा तिथपर्यंतच होती आणि पुढची लांब. तेव्हापासून मी घरीच होते. मला बोलायची सवय नव्हती. आमच्या घरी आईच सगळ्यांच्या वाटचं बोलायची. बाप होता तेव्हा तोही माझ्यासारखाच गप्प. तो कावीळ होऊन गेला आणि मग त्या घरात गप्प राहणारी मी एकटी उरले.

आत्या वाईट नव्हती. पण दुखण्याने माणूस किरकिरं होतं. "पोरी, उशी वर घे. अगं एवढी नव्हे." "भात मऊ कर म्हटलं होतं ना?" मी ऐकायची आणि करायची. दुपारी ती औषध घेऊन झोपली की मला काही काम नसायचं. आतल्या खोलीत विद्याताई कॉम्प्युटरवर असायची. ती दिवसभर तिथेच बसायची आणि मला वाटायचं ती हिशेबाची कामं करते. एकदा चहा द्यायला गेले तर पडद्यावर एक खुर्ची फिरत होती. नुसती खुर्ची, हवेत, स्वतःभोवती गोल फिरणारी.

"ही कुणाची?" मी विचारलं. त्या घरात मी आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"एका गोऱ्या बाईची होणार आहे," विद्याताई म्हणाली. "परदेशात राहते. तिचं घर आहे इथे आत. तिथे ठेवणार."

"बसायला?"

"तिची बाहुली बसेल." मग माझ्याकडे बघून ती हसली. "वने, तोंड मिट. माशी जाईल."

तिने मला समजावलं. कॉम्प्युटरच्या आत एक जग आहे. लोक आपापल्या घरी बसून तिथे जातात, एकेकाची एकेक बाहुली असते, ती चालते, उडते, जमीन भाड्याने घेते. तिथे घरं, झाडं, दिवे सगळं लोकांनीच बनवलेलं असतं आणि ते सगळं ठोकळ्यांचं असतं. तिने मोकळ्या जमिनीवर माऊसने टिचकी मारली आणि एक ठोकळा पडला, प्लायवूडच्या रंगाचा, चारी बाजूंनी सारखा. तो तिने ओढला तर फळी झाली. दाबला तर काठी झाली. चार फळ्या आणि चार काठ्या केल्या, एकीला एक लावली, आणि टेबल झालं. मी अजूनही कुणाला हे सांगते तेव्हा माझे हात आपोआप हवेत ओढल्यासारखे होतात. माझी मुलगी म्हणते, आई, तू पीठ ताणतेयस का?

तिने टेबल ढकललं तर नुसती वरची फळी सरकली आणि पाय जागेवरच उभे राहिले. मला हसू आलं. "हसू नको, यातच तर गंमत आहे," ती म्हणाली. "दिसायला टेबल आहे, पण यांना अजून माहीत नाही आपण एकमेकांचे आहोत ते. त्यांना जोडावं लागतं." तिने एकेका तुकड्याला टिचकी मारली, प्रत्येकाच्या कडा उजळल्या, मग दोन बटणं एकदम दाबली. सगळ्या कडा निळ्या झाल्या, एक सोडून. एका तुकड्याची कड पिवळी होती. "ज्याला सगळ्यात शेवटी हात लावशील तो पिवळा. तो घरातला कर्ता. तो हलला की सगळे हलणार." तिने ढकललं, आणि टेबल पायांसकट सरकलं.

मला तिने तिच्या भाड्याच्या जमिनीचा एक कोपरा दिला. ती आंघोळीला, बाजारात, कुणाला भेटायला गेली की खुर्ची माझी. इंग्रजी मला येत नव्हतं, पण बटणांच्या जागा लक्षात राहिल्या, जशा बाजारात वजनं न वाचता ओळखू येतात. माझी बाहुली विद्याताईने जुनीच दिली होती, निळ्या केसांची. कधी कुणाची तरी बाहुली उडत यायची, समोर उभी राहायची, खाली इंग्रजी अक्षरं उमटायची. मी काहीच टाइप करायची नाही. ती थोडा वेळ थांबायची आणि निघून जायची. तिथेही मी तशीच होते जशी बाहेर होते.

मग कोलशेतचं घर गेलं. रस्ता रुंद होणार होता आणि आमची ओळ त्यात येत होती, हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं, पण ते होईल असं कुणाला वाटत नव्हतं. मला फोनवर कळलं, आणि कळलं तेव्हा पाडून झालं होतं. बदली जागा मिळेल म्हणाले होते, ती केव्हा ते कुणी सांगत नव्हतं. आई मोहन्याला माझ्या मामाकडे गेली. जुन्या बंद कारखान्यापलीकडच्या चाळीत मामाची एक खोली, त्यात मामा, मामी, त्यांची दोन पोरं आणि आता आई.

"मी येऊ?" मी फोनवर विचारलं.

"कुठं येतेस, बाय? हातपाय पसरायला जागा नाय इथं. तू हाय तिथं बरी."

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर आत्याला पाणी दिलं. मला रडू आलं नाही, पण त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती, आणि ती मला मागता येत नव्हती. मला आईने परत न्यावं. कुठेही. मागितलं तर ती पुन्हा जागा नाही म्हणेल, आणि दुसऱ्यांदा ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. म्हणून मी घर बांधायला घेतलं.

कागदावर काढून घ्यायची अक्कल नव्हती, मी अंगाच्या आठवणीने बांधलं. ओट्यावर बसले की पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणजे ओटा एवढा उंच. चुलीकडून मधल्या खोलीत जाताना बापाला वाकावं लागायचं, म्हणजे दार एवढं. विटेचा रंग जमेना, विद्याताईने कुठूनतरी आणून दिला. आत्याला सांगितलं नव्हतं, पण एकदा ती काठी धरून चालायचा सराव करत दारात आली आणि पडद्याकडे बघतच राहिली. तिचंही माहेर तेच होतं. मला वाटलं ओरडणार.

"माळ्याची शिडी डाव्या अंगाला होती," ती म्हणाली. "उजव्या नव्हे. डोकं आपटलंय माझं तिथे."

मी शिडी डावीकडे नेली. त्या दिवशी भाताबद्दल ती काही बोलली नाही.

मी खाडीही केली, म्हणजे निळा रंग नुसता. आणि खाडीच्या काठाला एक दगड. बापाची होडी यायची वाट बघत मी ज्यावर बसायची तो. तो घरापासून लांब होता म्हणून इथेही लांबच ठेवला.

हळूहळू सगळं झालं. कौलं, मडकी ठेवायची फळी, वल्हं टेकवायचा कोपरा. फक्त दाराखालची जागा मी मोकळी ठेवली होती. विद्याताई रोज टोकायची. "अगं, जोडून टाक ना! सुटे ठेवलेस सगळे. एक चुकून हलला तर शोधत बसशील."

"उंबरठा राहिलाय."

"मग बसव उंबरठा. दोन मिनिटांचं काम."

"आई बसवणार," मी म्हटलं.

आमच्याकडे घराची चौकट उभी करतात तेव्हा उंबरठ्याला पहिला हात घरच्या बाईचा लागतो. ती हळदकुंकू वाहते, मगच सुतार पुढचं काम करतो. कोलशेतच्या घरी माझ्या आजीने तो बसवला होता, पुढे घरात लग्नाचा मांडव घातला की त्याची पूजा व्हायची. आत्या तो ओलांडूनच सासरी गेली. माझ्या घरालाही तसंच व्हायला हवं होतं. शेवटी आईने उंबरठ्याला टिचकी मारायची, म्हणजे पिवळी कड त्याची, आणि मग सगळं घर त्याला जोडलं जाईल. तेव्हा मी तिला म्हणणार होते, मला ने. एवढं बांधून दाखवल्यावर ते बोलायला सोपं जाईल असं मला वाटत होतं.

विद्याताईने डोक्याला हात लावला. "कॉम्प्युटरमधल्या घराला मुहूर्त! ऐकलंस का गं आई?"

बाहेरून आत्या म्हणाली, "बरोबर आहे तिचं."

आई येणार म्हणून ठरलं. त्याच सुमाराला विद्याताईला ठाण्याला एका ऑफिसात नोकरी लागली आणि तिची धावपळ सुरू झाली. आई यायच्या आदल्या सकाळी मी कॉम्प्युटर लावला आणि माझी निळ्या केसांची बाहुली मोकळ्या हिरव्या जमिनीवर उभी होती. घर नाही. ओटा नाही. खाडीही नाही. मी चुकीच्या जागी आले असेन म्हणून इकडेतिकडे फिरले. मग विद्याताईला हाक मारली. ती केस विंचरता विंचरता आली आणि तिचा हात थांबला.

"अगं, जमिनीची मुदत... माझ्या डोक्यातूनच गेलं गं. पण वने, मला वाटलं तू जोडून उचलून ठेवलं असशील!"

मुदत संपली की तिथलं सगळं ज्याच्या त्याच्या बाहुलीच्या पिशवीत परत येतं. विद्याताईच्या खुर्च्या, दिवे, पलंग सगळे धड आले होते, कारण ते जोडलेले होते. माझं घर तुकड्या-तुकड्यांनी आलं होतं. पिशवी उघडली तर ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक ओळीत तोच एक इंग्रजी शब्द. मी कशालाच नाव दिलं नव्हतं. कौल तेच, शिडी तीच, चूल तीच. विद्याताईने ऑफिसला जायच्या आधी घाईने जमिनीची मुदत वाढवून दिली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. मी त्या ओळी वर-खाली करत बसले. आत्याने तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवशी आई आली. विद्याताईची सुट्टी होती. आईने पिशवीतून सुका जवळा काढला, तांदळाच्या भाकऱ्या काढल्या, आत्याच्या कमरेला हात लावून बघितला, शेजारणीने वासाने दार लावून घेतलं त्यावर मोठ्याने हसली. "लाव, लाव. आत बसून तोंडाला पाणी सुटलं असंल!" घर एकदम भरल्यासारखं झालं. मग मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि मला काही सांगता येईना. विद्याताईनेच सांगितलं, की मामी, हिने तुमचं घर बांधलं होतं, पण ते मोडलं.

"इथंपण?" आई म्हणाली. मग ती खुर्ची ओढून बसली. "दाखव."

मी बाहुलीच्या पिशवीतला एक तुकडा पडद्यावरच्या जमिनीवर टाकला. अरुंद फळी, जरा तिरकी. मला स्वतःला आठवेना ती कुठली. आई पुढे वाकली. "ही मडक्यांची. एका अंगाला वाकलेली नाय का?" दुसरा टाकला. "हा चुलीमागचा आडोसा." तिसरा. "हे काय? काठी? शिडीची पायरी असंल." मी टाकत गेले आणि ती ओळखत गेली. चूक झाली की बाहेरून आत्या ओरडायची. चुलीच्या खोलीचे सगळे तुकडे जमले की ते आधी आपसांत जोडायचे, मग मधली खोली, मग ओटा, असं विद्याताईने लावून दिलं, म्हणजे पुन्हा काही झालं तरी निदान खोल्या तरी धड राहतील. चहा झाला, पुन्हा चहा झाला. इतका वेळ आई माझ्याशेजारी बसलीय असं लहानपणीही झालं नव्हतं.

मग उंबरठा उरला. मी एक नवा ठोकळा ओढून लांबट केला, दाराखाली आणला आणि माऊस तिच्या हाताखाली दिला. "तू बसव."

आईने हात मागे घेतला. "खरा माझ्याकडं हाय," ती म्हणाली.

"खरा म्हणजे?"

"उंबरठा. घर पाडायच्या दिवशी मजूर म्हणाला, मावशे, जळणाला ने. मी आन् मामाने टेम्पोत घालून आणला. तुझी मामी रोज बोलते. भिंतीशी आडवा टाकलाय, एका माणसाची जागा खातो."

एका माणसाची जागा. मी पडद्याकडे बघत राहिले. आईला काही कळलं नाही, किंवा कळलं असेल. तिने कमरेची हळदकुंकवाची पुडी सोडली, चिमूटभर कुंकू बोटावर घेतलं.

"मामी, काचेला नको!" विद्याताई ओरडली.

"मग कुठं लावू?"

"कडेला लावा. खाली, कडेला."

आईने कॉम्प्युटरच्या काळ्या कडेला हळद आणि कुंकू लावलं. मी एकेका खोलीला टिचकी मारली, कौलांना मारली, शेवटी खाडीकाठच्या दगडाला. मग आईचा हात धरून माऊस उंबरठ्यावर नेला. तिने बोट दाबलं. तिची बोटं बर्फाने नि मिठाने कडक झालेली, तिने टिचकी मारली तीही मासा दाबून बघावा तशी. मी दोन बटणं दाबली. टुंग आवाज झाला आणि इंग्रजीत काहीतरी आलं.

"एक तुकडा फार लांब आहे," विद्याताईने वाचलं. "तो दगड. एवढ्या लांबचं जोडलं जात नाही. सोडून दे वने तो, बाकीचं होईल."

"सोडायचा कशाला?" आई म्हणाली. "लांब हाय तर जवळ आणायचा."

 फ्रिज घरघरत होता. मी दगड उचलला आणि ओट्याच्या पायरीशी आणून ठेवला. पुन्हा सगळ्यांना टिचकी मारली, आईने शेवटी उंबरठ्याला. या वेळी सगळं घर एकदम निळं उजळलं, आणि दाराखाली एकच पिवळी रेघ. विद्याताई म्हणाली, आता नाव दे. मला इंग्रजी येत नाही म्हटलं तर म्हणाली, मराठीत दे. तिने अक्षरं कशी उमटवायची ते दाखवलं आणि मी लिहिलं, घर.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण आईने बाहेरच्या उन्हाकडे बघून पदर सावरला आणि ती निघाली. खाली रिक्षापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली. "वन्सं आता बऱ्यापैकी चालतात," एवढंच म्हणाली. रिक्षा वळली. मी वर येऊन कपबशा धुतल्या.

त्यानंतरचे दिवस मला फारसे आठवत नाहीत. मी कॉम्प्युटर लावायची, घर बघायची, पण त्यात जायची इच्छा व्हायची नाही. बाहुली बाहेरच उभी असायची. आज ते जग आहे की नाही मला ठाऊक नाही. विद्याताई लग्न होऊन लांब गेली, तिलाही तो परवलीचा शब्द आठवत नाही. कुणाच्या तरी पिशवीत ते घर एका नावाने पडून असेल, एकाही तुकड्याला धक्का न लागता. आई आता नाही, आत्याही नाही. घरातली माणसं बाहेर गेली की मी हे लिहायला बसते, तेव्हा त्या काळ्या कडेवरचा कुंकवाचा ठिपका मला पहिल्यांदा दिसतो. तो विद्याताईने कधी पुसला नव्हता.

आई येऊन गेल्यावर काही दिवसांनी, एका दुपारी फोन आला होता. आत्याने उचलला, ऐकलं, हं हं म्हणाली आणि माझ्या हातात दिला.

"बाय, जागा केली," आई म्हणाली. "उद्या ये."

मी कपडे पिशवीत भरले. आत्याने डबा दिला आणि काठी टेकत जिन्यापर्यंत आली. मोहन्याला मी विचारत विचारत चाळ शोधली. अंगणात पोरं होती, नळावर बायका होत्या, सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी खाली मान घालून चालत होते. म्हणूनच मला ते आधी दिसलं नाही. मामाच्या खोलीच्या दारात आमचा उंबरठा बसवला होता. दार अरुंद आणि तो लांब, म्हणून त्याचं एक टोक हातभर बाहेर आलं होतं. आईने तो कुणाला कापू दिला नव्हता. माझ्या पायाचं बोट त्यावर आपटलं आणि मी कळवळले.

आतून कांदा चिरायचा आवाज येत होता. तो थांबलाही नाही.

"पाय उचलून ये," आई म्हणाली.